पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनातील अंध लेकी

पंडिता रमाबाईंचे नाव महिला मंडळाच्या सभासदांना नवे नाही. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण यांपैकी कोणताही विषय निघाला की त्यांचे नाव निघतेच. शारदासदन त्यांनी काढले हेही बहुतेकींना ठाऊक असते. परंतु केडगावच्या माळावर दुष्काळातून आणलेल्या शेकडो पोरक्या मुलींमध्ये काही मुली अंध होत्या, आणि त्या मुलींना बाईंनी नुसते अन्नवस्त्र दिले नाही तर वाचायला, लिहायला व स्वतःच्या हातांनी मिळवायला शिकविले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्या काळी डोळस मुलीला शाळेत घालणे हे देखील धाडस समजले जाई, त्या काळी आंधळ्या व अनाथ मुलीसाठी शाळा काढणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. म्हणून त्यांच्या चरित्रातील हा भाग या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या डोंगरावर, दाट अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी ते शिकत असताना पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकविले जाते असे त्यांनी पाहिले, आणि आपणही आपल्या घरात स्त्रीला शिकवावयाचे असा निश्चय केला. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले. लोक खवळले. पुढे धर्मसभेपुढे उभे राहून, स्त्रीला संस्कृत शिकविण्यात शास्त्राचा भंग नाही हे शास्त्रीबुवांना सिद्ध करून दाखवावे लागले. पण वादात जिंकले तरी शेजारीपाजारी राहणे सुखाचे नव्हते. म्हणून त्यांनी रानात घर केले. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते मुख्यतः आईने, आणि तेही पहाटेच्या वेळी, घरकामाला लागण्यापूर्वी.

मूल सहा महिन्यांचे असताना घराण्याची स्थिती बिघडली व शास्त्रीबुवा कुटुंब घेऊन तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावर दिले होते. तिथून जे पायी फिरणे सुरू झाले ते वीस वर्षांहून अधिक काळ संपले नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर दिवस काढावे, असा क्रम. भागवताचे अठरा हजार श्लोक लहान वयातच रमाबाईंना मुखोद्गत झाले.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. हे कुटुंब कोणापुढे हात पसरणारे नव्हते, आणि अंगमेहनतीचे काम कधी केलेले नव्हते. होते नव्हते ते विकून झाले, मग भांडी गेली, मग रानातला पाला व रानटी फळे खाण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाईही गेल्या. आईला स्मशानात न्यावयास माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंना द्यावा लागला. त्या उंचीने लहान. तिरडी खांद्यावर टेकेना, म्हणून ती डोक्यावर घेऊन त्या दूरच्या स्मशानापर्यंत चालत गेल्या. नंतर थोरली बहीणही गेली. उपासमार म्हणजे काय आणि पोरकेपण म्हणजे काय, हे बाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. पुढच्या त्यांच्या सर्व कार्याचे मूळ येथे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बहीणभाऊ दोघे मग हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोनच वर्षांनी, १८८० साली, भाऊही वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्या लोकांना तो रुचला नाही. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेवीस वर्षांच्या वयात आईबाप, भावंडे व पती असे सर्व गमावून, दहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन बाई उरल्या.

त्या पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आज गावोगाव जी महिला मंडळे दिसतात त्यांच्या पूर्वजांत या समाजाची गणना करावी लागेल. त्याच वर्षी हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले. स्वतः वैद्यकी शिकावी हा त्यांचा मनोदय होता, आणि त्याच हेतूने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या.

येथे त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. बाईंना ऐकू कमी येत असे, आणि हा दोष वाढतच गेला. डॉक्टरला रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावे लागतात, शिकताना व्याख्याने ऐकावी लागतात. बहिरेपणामुळे वैद्यकीचा बेत सोडून द्यावा लागला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते काम एका इंद्रियाच्या उणिवेने हातचे गेले. पण बाई रडत बसल्या नाहीत. शिकविण्याचे काम आपल्याला जमते, तर तेच करावे, असे ठरवून त्यांनी चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकविले आणि स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकल्या. एक दार बंद झाले म्हणजे माणूस निकामी होत नाही, हा धडा त्यांना स्वतःच्या देहाने शिकविला होता.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने ठेवून घेत व सन्मार्गाला लावीत. बाईंनी ते पाहिले आणि त्यांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. पतितेला शिक्षा सांगणारी शास्त्रे त्यांना पाठ होती. पतितेची सेवा करणारी माणसे त्यांनी येथे पाहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने महाराष्ट्र दुखावला, आणि ते दुःख खोटे नव्हते. संस्कृत विद्येचे भूषण म्हणून जिचा गौरव केला ती परधर्मात गेली, याची चुटपुट पुष्कळांना जन्मभर लागून राहिली. परंतु धर्म बदलल्याने बाई कोणाच्या ताबेदार झाल्या असे मात्र नाही. वाँटेजच्या भगिनींशी व धर्मगुरूंशी त्यांचे धर्ममतांवर वाद झाले. जे पटत नाही ते त्यांनी स्वच्छ सांगितले. पोशाख साधा पांढरा, आहार शाकाहारी, असेच त्या राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या समारंभासाठी बाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. गेल्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. तेथे फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. मुलाला आधी पुस्तक न देता चेंडू, ठोकळे, कागद, धागा द्यावा, हाताने करता करता त्याची बुद्धी जागी व्हावी, हे या पद्धतीचे तत्त्व. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ साली निघाले. बोस्टनला त्यांच्या कार्यास साह्य करणारी मंडळी उभी राहिली व दहा वर्षे मदत देण्याचे त्यांनी कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. येथे धर्मशिक्षणावरून मोठे वादळ झाले. सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांना ख्रिस्ती करण्याचा हा डाव आहे, असा आक्षेप केसरीने घेतला. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या समजुतीने न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार झाले होते. १८९३ साली त्यांनी अंग काढून घेतले, व अनेक पालकांनी मुली नेल्या. बाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही, पण आपल्या प्रार्थनेचे दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे वाचता येते. त्या वेळी मात्र बाई एकट्या पडल्या, आणि यापुढे त्यांचे कार्य उघडपणे ख्रिस्ती सेवाकार्य म्हणूनच चालले.

१८९६ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची उपासमार बाईंना आठवली, आणि त्यांना स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तेथे गेल्या. सरकारी दुष्काळी कामे व गरीबखाने त्यांनी पाहिले; हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली; आणि अनाथ तरुण मुलींवर डोळा ठेवून हिंडणारी माणसेही पाहिली. सुमारे तीनशे मुली आणावयाच्या असे त्यांनी मनाशी ठरविले. हाताशी पैसा नाही, अमेरिकेतील मंडळींची दहा वर्षांची मुदत संपत आलेली, आणि पुण्यात प्लेग. सदनात आणखी मुली ठेवू नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ बाईंनी पूर्वी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन उपयोगी पडली. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. अशा रीतीने मुक्तिसदन उभे राहिले.

१९०० साली गुजरातेकडे दुष्काळ पडला. आता पहिल्या दुष्काळात वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या होत्या. बाईंनी त्यांनाच मदतीला घेतले. मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या वर्षी पाऊस नव्हता. इतक्या माणसांना पाणी पुरविणे हाच मोठा प्रश्न. विहिरी खोल खणल्या, शेती केली, भाजी लावली. ज्या मुलींना शारदासदनात शिक्षण मिळाले होते त्या आता शिक्षिका व माता झाल्या. एकेकीच्या पदराखाली लहान मुलींचा एकेक गट दिला. मुली सुधारल्या म्हणजे दळणे, कांडणे, शिवणे, विणणे, माग चालविणे, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना असे उद्योग शिकविले जात. बाईंचा विचार साधा होता. जी मुलगी आज खाते तिला उद्या कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू.

दुष्काळातून आलेल्या या मुलींमध्ये काहींची दृष्टी गेलेली होती. त्या काळी देवी येऊन कितीतरी मुलांचे डोळे जात. शिवाय महिनेन्‌महिने धड अन्न पोटात नसले म्हणजे लहान मुलाच्या डोळ्यांतील बुबुळ मऊ पडून फुटते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने हे होते असे आपण आज जाणतो आणि बाळाला त्याचे डोस पाजतो. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. डोळस पोरक्या मुलीला कोणी ना कोणी कामाला तरी ठेवून घेई. आंधळीला कोण घेणार? देवळाच्या पायरीवर वाडगा पुढे करून बसणे, किंवा ज्याने हात धरला त्याच्या मागे जाणे, एवढेच तिच्या नशिबी. अनाथपण आणि अंधत्व अशी दोन ओझी एकाच लहानग्या डोक्यावर!

मुक्तीत वेगवेगळ्या मुलींसाठी व स्त्रियांसाठी वेगवेगळी घरे होती. विधवांचे शारदासदन, समाजाने टाकलेल्यांचे कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांचे प्रीतिसदन. त्याच मालिकेत अंधांसाठी बार्तिमी सदन झाले. शुभवर्तमानात यरीहो नगराच्या रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेल्या एका आंधळ्याची कथा आहे; लोक त्याला गप्प बसवीत असतात, पण येशू थांबून त्याला बोलावून घेतो. त्या आंधळ्याच्या नावावरून हे नाव ठेवले. ज्याला गप्प बसविले जाते त्याच्यासाठी थांबावयाचे, हा त्या नावातील आशय आपण कोणत्याही धर्माच्या असलो तरी आपल्याला कळण्याजोगा आहे.

या सदनाची शाळा विशेषतः मनोरमेच्या हाताने उभी राहिली. मनोरमाबाईंचे बालपण आईपासून दूर, वाँटेजला, मग सदनात, मग पुन्हा परदेशी असे गेले. अमेरिकेत शिकून १९०० च्या सुमारास त्या परतल्या आणि आईच्या कामाला लागल्या. त्यांनी ब्रेल पद्धती आत्मसात केली व अंध मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला.

ब्रेल म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले तर भगिनींना या कामातील कष्ट समजतील. लुई ब्रेल हा फ्रान्समधील मनुष्य, जन्म १८०९ चा. बापाच्या कातडीकामाच्या दुकानात हत्याराशी खेळताना लहानपणीच त्याचे डोळे गेले. शाळेत असतानाच त्याने बोटांनी वाचावयाची लिपी शोधून काढली व १८२९ साली ती प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळींत तीन तीन, असे सहा ठिपके एवढेच या लिपीचे भांडवल. त्यांतील कोणते उठवायचे आणि कोणते नाही, यावरून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात आणि त्यांत सर्व अक्षरे, आकडे व चिन्हे बसतात. जाड कागद चौकटीच्या पाटीत अडकवून टोचणीने ठिपके पाडावयाचे. गंमत अशी की लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते, कारण ठिपका कागदाच्या पाठीमागे उठतो. कागद उलटला की तोच मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो. म्हणजे शिकणाऱ्या मुलीला प्रत्येक अक्षर उलट व सुलट असे दोन्ही प्रकारे मनात धरावे लागते.

शिवाय तेव्हा आपल्या देशी भाषांसाठी ब्रेलची एक ठरलेली अशी रीत नव्हती. निरनिराळ्या मिशनऱ्यांनी निरनिराळ्या प्रांतांत आपापल्या सोयीने खुणा बसविल्या होत्या. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईल अशी खात्री नसे. सर्व भारतीय भाषांसाठी मिळून एक भारती ब्रेल ठरली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. अंधांच्या शाळाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पंजाबात अमृतसर येथे मिस ॲनी शार्प यांनी १८८७ साली काढलेली शाळा ही देशातील पहिली समजतात. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली शाळा काढली. म्हणजे केडगावसारख्या आडगावी, दुष्काळाच्या धामधुमीत हे काम हाती घेतले गेले तेव्हा मार्गदर्शनास जवळ जवळ कोणीच नव्हते.

येथे एक प्रश्न व्यवहारी मनाला सुचल्यावाचून राहत नाही. दोन हजार तोंडे खाणारी, धान्याचा भाव चढलेला, देणगी येईल तेव्हा चूल पेटावयाची. अशा वेळी मूठभर आंधळ्या मुलींना लिहावाचावयास शिकविण्यात वेळ व पैसा घालवावा काय? त्यांना पोटभर जेवू घातले तरी पुण्यच नव्हते काय? अनाथाश्रम चालविणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडतो, आजही पडतो. पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर जेवू घालण्यापाशीच थांबते.

बाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या कृतीत आहे. त्यांना स्वतःला आईने शिकविले नसते तर त्या दुष्काळात त्यांचे काय झाले असते? शरीराने त्या वाचल्या. पण उभ्या राहिल्या त्या विद्येच्या बळावर. कलकत्त्याच्या सभेत त्यांना मान मिळाला तो जे पाठ होते त्यामुळे. आणि ही विद्या त्यांनी मिळविली होती ती पुष्कळशी कानांनी ऐकून व तोंडाने म्हणून. पुढे तेच कान अधू झाले, तेव्हा डोळ्यांनी वाचून त्यांनी आपले काम चालू ठेवले. एका इंद्रियाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येते, याचे त्या स्वतः उदाहरण होत्या. मग ज्यांचे डोळे गेले त्यांच्या बोटांनी का वाचू नये? बालोद्यानाच्या पद्धतीतून हाताची बुद्धी ही काय चीज आहे ते त्या शिकून आल्या होत्याच.

बार्तिमी सदनातील मुली अशा रीतीने वाचू लागल्या. टोपल्या विणण्यासारखी हाताची कामे त्यांना शिकविली गेली. ज्यांनी विणकाम केले आहे त्यांना ठाऊक आहे की हात एकदा बसला म्हणजे डोळ्यांकडे पाहावे लागत नाही. अंधारात बसूनही टाके चुकत नाहीत. आंधळी मुलगी टोपली विणते हा चमत्कार नव्हे. तिला वेत देऊन शेजारी बसणारे माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे. मुक्तीत असे माणूस मिळाले. आणि त्या मुलींना आपली वस्ती निराळी असली तरी संस्थेच्या बाहेर टाकल्यासारखे नव्हते. प्रार्थना, सण, सर्वांबरोबर. आपण खाऊन भार होणारे नव्हे तर आपल्या हातून काही होते, ही जाणीव माणसाला किती ताठ उभे करते हे सांगावयास नको.

मुक्तीतील शिक्षण ख्रिस्ती वळणाचे होते, आणि तेथे वाढलेल्या मुली बहुतेक त्या धर्मात गेल्या, हे लपविण्याचे कारण नाही. त्यावर ज्याचा त्याने विचार करावा. पण विचार करताना एक गोष्ट विसरू नये. त्या मुलींना घेऊन जाण्यास दुसरे कोणी फारसे आले नव्हते. टीका करणारे पुष्कळ होते. गरीबखान्यातून आंधळ्या पोरीचा हात धरून आगगाडीत बसविणारे थोडे होते. पुढे महाराष्ट्रात अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागेही शारदासदनाचे उदाहरण होतेच. एकाने काढलेली वाट दुसऱ्याला दिसते, मग तो त्याच धर्माचा असो वा नसो.

बाईंची शेवटची वर्षे मुख्यतः एका कामात गेली. सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून सर्व ग्रंथाचे भाषांतर केले. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंत सारे काम मुक्तीतील मुलींनी केले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक दिले. परंतु त्याहून मोठा आधार म्हणजे मनोरमा. आपल्यामागे तीच सर्व सांभाळील असा बाईंचा भरवसा होता. विधात्याला ते मंजूर नव्हते. हृदयविकाराने आजारी पडून २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांचे वय. अंधांना अक्षर देणारी ती लेक आईच्या आधी गेली.

ज्या बाईने सोळाव्या वर्षी आईची तिरडी डोक्यावर वाहिली तिला त्रेसष्टाव्या वर्षी मुलीचे दुःख सोसावे लागले. तरीही काम थांबले नाही. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच बाईंनी देह ठेवला. ग्रंथ पुढे १९२४ साली बाहेर आला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. केडगावची संस्था त्यांच्यामागेही चालू राहिली, आणि निराधार स्त्रिया व मुले यांच्याबरोबर अंध व अपंग यांची सेवाही तेथे होत आली आहे.

आज काळ पालटला आहे. देवीचा रोग देशातून गेला. भारत १९७७ साली देवीमुक्त ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. ब्रेलच्या जोडीला बोलणारी यंत्रे आली. परंतु कायदा मुलाच्या शेजारी येऊन बसत नाही. बसावे लागते ते माणसाला. अनाथाश्रमातील अंध, मुक्या किंवा मंदबुद्धी मुलाला अजूनही सर्वांत शेवटी शाळेत घातले जाते, कारण त्याच्यासाठी हट्ट धरणारे आईबाप नसतात. डोळस मुलाची आई शाळेच्या दारात उभी राहून भांडते. या मुलांसाठी कोणी उभे राहावयाचे?

आपल्यासारख्या मंडळांतील भगिनींना बाईंसारखे दोन हजारांचे गाव वसविता येणार नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. पण हळदीकुंकवाच्या खर्चातून चार पैसे बाजूला काढून जाड कागदाची रिमे घेऊन देता येतात. परीक्षेच्या वेळी अंध विद्यार्थ्याला लेखनिक लागतो. तो न मिळाल्याने मुलांची धावपळ होते. आपल्या घरातील शिकलेली सून किंवा मुलगी ते तीन तास देऊ शकते. क्रमिक पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून देणे तर दुपारच्या फावल्या वेळात होण्याजोगे आहे. आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या शेजारणीकडे जाऊन, त्याला शाळेत घातले का एवढी चौकशी करणे हे देखील काम आहे.

रमाबाईंच्या धर्माविषयी, मतांविषयी, वादांविषयी आपल्यात मतभेद असतील. ते असू द्यावेत. केडगावच्या त्या माळावर, ज्या मुलींना जगाने भिकेच्या वाडग्याखेरीज काही दिले नसते, त्यांच्या बोटांखाली एका बहिऱ्या होत चाललेल्या विदुषीने आणि तिच्या लेकीने अक्षर ठेवले, याबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. तेवढ्यासाठी तरी त्या मायलेकींचे स्मरण आपण दरवर्षी करीत जावे.